अर्ध्या सभागृहाचे मूल्यमापन

सामाजिक प्रकल्पांचे मूल्यमापन करणे हा माझा व्यवसाय आहे. शाळांमधील वाचनालये, बचत गट, आरोग्य शिबिरे अशा कामांतून नेमके काय साधले आणि काय साधले नाही, हे पैसे देणाऱ्याला व काम करणाऱ्याला तटस्थपणे सांगायचे, असे त्याचे ढोबळ स्वरूप असते. २०२० च्या डिसेंबरमध्ये पुण्यातील एका कलामहोत्सवाच्या आयोजकांनी मला बोलावले. सांस्कृतिक कार्यक्रमांचे मूल्यमापन मी त्यापूर्वीही केले होते. परंतु सभागृहातील निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याचा सरकारी आदेश पाळून भरणाऱ्या महोत्सवाचा शहरावर झालेला परिणाम कसा मोजायचा, याचा नमुना कोणाकडेच नव्हता.

त्या वेळची परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून पुण्या-मुंबईतील नाट्यगृहे बंद झाली होती. ५ नोव्हेंबरला ती ५० टक्के आसनक्षमतेने उघडण्याची परवानगी मिळाली, तरी प्रत्यक्षात पडदा वर जाण्यास आणखी बरेच दिवस लागले. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव त्या डिसेंबरात झाला नाही, आणि ‘सवाईच नाही, तर बाकीच्यांनी कशाला?’ असा सूर शहरात होता. आमच्या आयोजकांनी तरीही फेब्रुवारीचा उत्तरार्ध ठरवला होता. दोन सभागृहांत नाटके आणि गायन-वादन, एका दालनात वेळ ठरवून प्रवेश असलेले चित्रप्रदर्शन आणि या सर्वांचे ऑनलाइन प्रक्षेपण, असा त्यांचा बेत होता.

खर्चाचा मोठा वाटा एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, येणार होता. कला व सांस्कृतिक वारसा हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेच. मात्र २३ मार्च २०२० रोजी केंद्राने करोनाविषयक खर्चही सीएसआरमध्ये धरला जाईल असे स्पष्ट केल्यानंतर कंपन्यांचा पैसा साहजिकच औषधे, मास्क आणि शिधा यांकडे वळला होता. त्यात २२ जानेवारी २०२१ रोजी सीएसआरचे नियम बदलले. ज्या कंपन्यांचे सीएसआर दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणे बंधनकारक झाले, आणि तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. आमचा महोत्सव त्या रकमेच्या जवळपासही नव्हता. परंतु कंपनीतील अधिकाऱ्यांनी त्या नियमाचा धागा पकडून महोत्सवानंतर लगेच एक अहवाल आणि वर्षाने दुसरा, अशी मागणी केली. ही मागणी मला मनापासून आवडली, कारण एरवी महोत्सवाचा मांडव उतरला की मूल्यमापनातील रस संपतो, हा माझा अनुभव आहे.

पहिल्याच बैठकीत खजिनदारांनी मनातले बोलून दाखवले. “मॅडम, शेवटी एक आकडा द्या. शहराच्या अर्थकारणाला इतक्या कोटींचा फायदा झाला, असं छापता आलं पाहिजे.” ही अपेक्षा अस्थानी नाही. जगभर महोत्सव असेच आकडे देतात, आणि त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण एडिनबराचे आहे. २०१० सालच्या अभ्यासात तेथील महोत्सवांमुळे शहराच्या अर्थव्यवस्थेत २४.५ कोटी पौंडांची, तर संपूर्ण स्कॉटलंडच्या अर्थव्यवस्थेत २६.१ कोटी पौंडांची भर पडल्याचे दाखवले होते. पण असा आकडा उभा राहतो तो मुख्यतः बाहेरगावहून आलेल्या पाहुण्यांच्या खर्चावर. हॉटेलातील मुक्काम, जेवणे, प्रवास, खरेदी हे सर्व धरायचे; मग महोत्सव नसता तरी जे आलेच असते त्यांचा खर्च वजा करायचा; शहराबाहेर निघून जाणारा पैसा वजा करायचा; आणि स्थानिक माणसाने तिकिटावर घातलेले पैसे एरवी त्याने शहरातच दुसरीकडे खर्च केले असते, असे मानून तेही बहुतांशी सोडून द्यायचे. त्याच एडिनबरातील महोत्सव २०२० च्या ऑगस्टमध्ये, १९४७ नंतर प्रथमच, रद्द झाले होते. पुण्यात २०२१ च्या फेब्रुवारीत नाटकासाठी नागपूरहून किंवा गोव्याहून येऊन हॉटेलात उतरणारा रसिक शोधूनही सापडला नसता. म्हणजे ज्या पायावर हे गणित उभे राहते, तो पायाच आमच्याकडे नव्हता, आणि हे मी बैठकीतच सांगून टाकले.

मात्र त्याच गणितातील एक गृहीतक महासाथीत उलटे झाले होते, आणि तेथे मला विचार करण्याजोगे काही सापडले. एरवी पुण्यात एखादा महोत्सव झाला नाही, तर रसिक दुसऱ्या कार्यक्रमाला जातो; या शहरात संध्याकाळी पर्यायांची वानवा नसते. त्यामुळे ‘महोत्सव झाला नसता तर काय झाले असते?’ या प्रश्नाचे उत्तर सामान्य वर्षी ‘फारसे काही बिघडले नसते’ असे येऊ शकते, आणि प्रामाणिक मूल्यमापकाने ते द्यायलाही हवे. २०२१ च्या फेब्रुवारीत मात्र बहुतेकांसाठी पर्याय एकच होता, घरी बसणे. कलावंतांसाठी आणि पडद्यामागच्या कामगारांसाठी तर पर्याय म्हणजे शून्य उत्पन्न. महोत्सवाने दिलेला पैसा एकूणात थोडा असला, तरी त्यातील जवळजवळ प्रत्येक रुपया अधिकचा होता, कारण तो अन्य कोठून येणारच नव्हता. म्हणून आर्थिक परिणाम प्रेक्षकांच्या खिशाकडून मोजण्याऐवजी मानधन आणि मजुरी घेणाऱ्यांच्या बाजूने मोजायचा, असे आम्ही ठरवले.

तुलना कशाशी करायची, हा यानंतरचा वाद. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीशी तुलना केली, तर महासाथीतील कोणताही कार्यक्रम अपयशीच ठरणार. लॉकडाऊनच्या महिन्यांशी केली, तर चार माणसांसमोर झालेले कवितावाचनही घवघवीत यश वाटणार. आयोजकांना दुसरी तुलना हवी होती, कंपनीला पहिली. मी दोन्ही आधाररेषा शेजारीशेजारी ठेवण्याचा आग्रह धरला आणि तो महोत्सवापूर्वीच लेखी मान्य करून घेतला. निकाल हाती आल्यावर माप निवडण्याची मुभा राहिली, तर मूल्यमापनाला काही अर्थ उरत नाही.

उत्पन्नाची माहिती मिळवणे हे या कामातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत शिकवणारे प्रकरण होते. गायक-वादकांकडे निदान बँकेची नोंद असते. नाटकातील प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, रंगभूषा, कपडेपट सांभाळणारी मंडळी मात्र ‘नाइट’वर काम करतात, प्रयोग झाला की त्या प्रयोगाचे पैसे, तेही बहुधा रोख. लाइटचे साहित्य भाड्याने देणाऱ्या आणि स्वतःच ते चालवणाऱ्या एका काकांना मी विचारले, तेव्हा त्यांनी एका सहकारी बँकेने भेट दिलेली २०२० ची डायरी माझ्यासमोर ठेवली. तारखेच्या खाली नाटकाचे नाव, नाट्यगृह, नाइटची रक्कम आणि पैसे मिळाले असल्यास बरोबरची खूण, अशी शिस्तीची नोंद. मार्चच्या मध्यापर्यंत पाने भरलेली. त्यानंतरची पाने कोरी असतील असे मला वाटले होते, पण तशी ती नव्हती. त्याच रकान्यांत, त्याच अक्षरात, वाण्याकडची उधारी, मुलीच्या शाळेचा हप्ता आणि कोणाकडून किती हातउसने घेतले याची नोंद होती. एका पानावर ‘डिमर’, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र, असा शब्द आणि त्यापुढे रक्कम होती. मी विचारले, तर म्हणाले, “गहाण टाकले, ताई. सावकाराकडे नाही, ओळखीतल्याकडेच. पण टाकले.”

मग त्यांनीच मला एक गोष्ट सुचवली. “महोत्सवाच्या नाइटा मोजाल, तर आधी एक वजा करा. डिमरचा सेट सोडवून आणायला जे लागलं ते. शिवाय केबल उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या बदलल्या. कामगारांपैकी एक गावाला गेला, त्याच्या जागी नवा घेतला, त्याला शिकवताना दोन दिवस गेले.” त्यांच्या या सांगण्यावरून आमच्या तक्त्यात ‘पुन्हा उभे राहण्याचा खर्च’ असा स्वतंत्र रकाना आला. तो भरल्यावर दिसले, की साहित्य बाळगणाऱ्या मंडळींना महोत्सवातून निव्वळ हाती आलेली रक्कम नाममात्र होती, आणि काहींच्या बाबतीत ती उणे होती. तरीही त्यांनी काम घेतले, कारण साहित्य सुटले की पुढचे काम घेता येते. केवळ दिलेल्या मानधनाची बेरीज छापली असती, तर ती खरी असूनही तिचा अर्थ चुकीचा निघाला असता.

याच मुलाखतींतून आणखी एक गोष्ट वारंवार पुढे आली, ती आगाऊ रकमेची. आमच्या आयोजकांनी करारावर सही होताच काही रक्कम दिली होती. तिचा उद्देश केवळ तारीख पक्की करण्याचा होता. परंतु ज्यांचे साहित्य अडकले होते, त्यांच्यासाठी ती आगाऊ रक्कम एकूण रकमेपेक्षाही महत्त्वाची ठरली. प्रश्नावलीत असा प्रश्न मुळात नव्हता. मोकळ्या गप्पांत तो आपोआप वर आला.

कंपनीच्या अधिकारी बाईंनी एकदा थेट विचारले, की एवढ्याच पैशांत शिधावाटप केले असते, तर अधिक लोकांना उपयोग झाला नसता का. प्रश्न योग्य होता, आणि कलाक्षेत्रातील लोक त्याने दुखावतात, हे मला पटत नाही. मी पडद्यामागच्या कुटुंबांना तोच प्रश्न विचारला. बहुतेकांना मागील वर्षी कोठून ना कोठून शिधा मिळालेला होता, आणि त्याबद्दल ते कृतज्ञही होते. पण शिध्याने घरभाडे भरता येत नाही आणि गहाण साहित्य सुटत नाही, हे त्यांनी अगदी कोरडेपणाने सांगितले. किती माणसांपर्यंत पोहोचले या मापावर शिधा निःसंशय पुढे आहे. कोणाची घडी किती बसली हे माप वेगळे आहे. अहवालात मी दोन्ही लिहिले आणि निर्णय कंपनीवर सोडला.

आता प्रेक्षकांविषयी. पूर्वी आम्ही बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या प्रेक्षकाला थांबवून, पुठ्ठ्यावर लावलेला कागद आणि पेन्सिल देऊन, पाच मिनिटांत उत्तरे घेत असू. आता एकच पेन्सिल दहा हातांतून फिरवणे शक्य नव्हते, आणि दाराशी कोणाला थांबवणे म्हणजे गर्दी करणेच होते. म्हणून क्यूआर कोडचे फलक लावले. पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट झाले, की उत्तरे देणारे जवळजवळ सर्व जण तरुण आहेत. पुण्यातील नाटकाचा आणि शास्त्रीय संगीताचा प्रेक्षक कोणत्या वयाचा असतो, हे पहिल्या चार रांगांकडे पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या वयाच्या लोकांचे मत फलकावरील चौकोनातून येणार नव्हते. तिकीट घेताना प्रत्येकाचा भ्रमणध्वनी क्रमांक घेतलेला होता, पण तो कोणी बाधित निघाल्यास कळवता यावे म्हणून. त्या कारणासाठी घेतलेला क्रमांक सर्वेक्षणासाठी वापरणे मला मान्य नव्हते. शेवटी तिकिटाच्या अर्जात ‘महोत्सवाविषयी फोनवर प्रश्न विचारलेले चालतील’ असा वेगळा पर्याय घातला, आणि ज्यांनी होकार दिला त्यांतून वयोगटानुसार नावे काढून आम्ही दुसऱ्या दिवशी फोन केले. काम वाढले, पण फोनवरील ज्येष्ठ मंडळी इतकी मनमोकळी बोलली, की कागद-पेन्सिलच्या काळात असे काही हाती लागले नव्हते.

त्या फोनवर आम्ही नेहमीच्या प्रश्नांना एक नवा प्रश्न जोडला होता: आज तुमच्याबरोबर एरवी आले असते, पण आले नाहीत, असे घरातले कोण? संपूर्ण अभ्यासातील सर्वांत उपयोगी प्रश्न हाच ठरला. सासरे, आई, मोठ्या बहिणीचे यजमान, शेजारच्या काकू, अशी नावे नव्हे, तर नात्यांची यादीच तयार झाली. साठीपुढच्या सर्वसामान्य नागरिकांचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झाले. म्हणजे महोत्सवाच्या दिवसांत त्यांच्यापैकी कोणालाही लस मिळालेली नव्हती. भरलेल्या अर्ध्या सभागृहात एरवीच्या प्रेक्षकांतील निम्मे लोक आले होते असे नाही, तर एक पूर्ण पिढी मागे राहिली होती आणि तिच्या जागी काही प्रमाणात नवे लोक आले होते. एका निवृत्त शिक्षिकेने मात्र हसत सांगितले, “मुलाला सांगितलं, बँकेत जाऊन येते. आता तुम्ही घरच्या फोनवर फोन करू नका म्हणजे झालं.”

सभागृहाचे दृश्य मी मागच्या रांगेतून टिपत असे. एक सोडून एक खुर्चीवर लाल फीत बांधलेली होती. नवरा-बायको घरून एकाच स्कूटरवर येत आणि आत येऊन मध्ये एक खुर्ची सोडून बसत. मध्यंतरापूर्वीच कोणीतरी हळूच फीत सोडवत असे आणि स्वयंसेवक दिव्याचा झोत टाकून ती पुन्हा बांधत असे. विनोदी नाटकातील एका ज्येष्ठ नटाने मला सांगितले, की हशा येतो, पण तो तुकड्यांत येतो. वाक्य कोठे तोडायचे आणि हशासाठी किती थांबायचे हे इतक्या वर्षांचे गणित चुकते, म्हणून त्यांनी दुसऱ्या प्रयोगापासून थांबणेच कमी केले. कलेच्या गुणवत्तेवर झालेला परिणाम कोणत्याही प्रश्नावलीत मावत नाही. अशी निरीक्षणे अहवालात शब्दशः देण्यावाचून मार्ग नसतो. मध्यंतरात उपाहारगृह बंद असल्याने बटाटेवडा नव्हता, आणि ‘काय कमी वाटले?’ या प्रश्नाला तो न मिळाल्याचे उत्तर गंभीरपणे देणारे कमी नव्हते. त्यातले अर्थकारणही खरे होते: उपाहारगृह चालवणाऱ्याचे उत्पन्न शून्य राहिले आणि रस्त्यापलीकडच्या अमृततुल्यवाल्याचे वाढले.

महोत्सव मध्यावर आला असतानाच रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली. २२ फेब्रुवारीपासून राज्यभर सभा, मिरवणुका आणि गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी आली. पुण्यात रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत संचारावर निर्बंध आले आणि शाळा-महाविद्यालये बंद झाली. आयोजकांनी उरलेले कार्यक्रम प्रेक्षकांविना करून केवळ प्रक्षेपित करण्याचे ठरवले. तिकिटांचे पैसे परत केले, कलावंतांचे मानधन मात्र पूर्ण दिले. हा निर्णय मूल्यमापनाच्या दृष्टीने अनपेक्षितपणे उपयोगी पडला, कारण एकाच महोत्सवात प्रेक्षकांसह आणि प्रेक्षकांविना असे दोन प्रकार तुलनेला मिळाले.

ऑनलाइन आकड्यांनी आयोजक हुरळून गेले होते. सभागृहात चारशे माणसे बसतात तेथे पडद्यावर हजारोंचा आकडा दिसतो, त्यामुळे तसे होणे स्वाभाविकच. पण फेसबुक तेव्हा तीन सेकंद चित्रफीत दिसली तरी ती पाहिली असे मोजत असे, आणि यूट्यूबवर एकूण दर्शने, एका वेळी उपस्थित असणाऱ्यांची कमाल संख्या आणि सरासरी पाहण्याचा वेळ हे तीन अगदी वेगळे आकडे असतात. एका गायनाच्या मैफलीचा आलेख आम्ही मिनिटागणिक पाहिला. निवेदन आणि सत्कार चालू असताना रेषा सरळ खाली आली, विलंबित ख्यालात आणखी थोडी उतरली, आणि त्यानंतर जी एका पातळीवर टिकली ती भैरवीपर्यंत हलली नाही. शेवटपर्यंत राहिलेले हे श्रोते सभागृहाच्या क्षमतेपेक्षा फार अधिक नव्हते, पण त्यांनी संपूर्ण मैफल ऐकली होती. मी अहवालात याच संख्येला ‘श्रोते’ म्हटले आणि मोठ्या आकड्याला ‘डोकावलेले’. आयोजकांना हा शब्द खटकला. मी तो बदलला नाही.

उलट बाजूचा दोषही लक्षात घ्यावा लागला. एक दर्शन म्हणजे एकच माणूस असे नसते. टीव्हीवर पाहिलेल्या दर्शनांचे प्रमाण वेगळे काढता येते, आणि फोनवर विचारल्यावर कळले, की टीव्हीसमोर सहसा दोन-तीन जण, तेही घरातील ज्येष्ठांसह, बसलेले होते. म्हणजे सभागृहातून गायब झालेली पिढी येथे होती. सांगली, रत्नागिरी, लातूर आणि अमेरिकेतील मराठी घरांतूनही लोकांनी पाहिले. परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते पुण्यातच राहणाऱ्या, पण चाकाच्या खुर्चीमुळे किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे कित्येक वर्षांत नाट्यगृहात न गेलेल्या लोकांचे फोन. महासाथीने त्यांचे काहीच हिरावले नव्हते, उलट दार उघडले होते. महोत्सवाचा खराखुरा नवा परिणाम कोणता, असे विचारले तर मी हाच सांगेन.

राहिला तो अवघड प्रश्न: महोत्सवामुळे कोणी आजारी पडले का? परिणाम म्हटले की आपण चांगलेच धरतो, पण या वर्षी हानीचा रकाना रिकामा ठेवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. महोत्सवानंतर दोन आठवड्यांनी, होकार दिलेल्या प्रेक्षकांना आणि सर्व कलावंत-कामगारांना आम्ही फोन करून विचारले. काही जण बाधित झाले होते. त्या दिवसांत शहरातच लाट चढत असल्याने लागण सभागृहात झाली, बसमध्ये झाली की घरी, हे सांगणे अशक्य होते. आणि इतक्या लहान नमुन्यावरून उरलेल्या शहराशी तुलना करणेही योग्य नव्हते. आयोजकांचे म्हणणे, सिद्ध होत नसेल तर ते लिहूच नये. माझे म्हणणे, सिद्ध होत नाही हेच लिहावे. बरीच चर्चा होऊन तो परिच्छेद राहिला. रंगपटातील अरुंद जागा आणि मेकअपच्या वेळी मास्क काढावा लागणे, ही जोखीम प्रेक्षागृहापेक्षा मोठी होती, असे निरीक्षणही त्यात आहे.

दरडोई खर्चाचा आकडा अर्थातच वाईट आला. भाडे, दिवे, ध्वनी तेवढेच. वर जंतुनाशकाचा आणि प्रक्षेपणाचा खर्च. आणि तिकिटे निम्मी. कार्यक्षमता या एकाच मापाने पाहणाऱ्याने हा महोत्सव मोडीतच काढला असता. मी तो आकडा लपवला नाही, पण त्याच्या शेजारी मानधन व मजुरीच्या रूपाने प्रत्यक्ष माणसांच्या हाती गेलेल्या रकमेचा एकूण खर्चातील वाटा दिला. खजिनदारांना हवा असलेला कोटींचा आकडा अहवालात कोठेही नाही.

दुसरा अहवाल २०२२ च्या वसंतात, तिसरी लाट ओसरल्यावर झाला. मधल्या काळात एप्रिल २०२१ मध्ये नाट्यगृहे पुन्हा बंद होऊन २२ ऑक्टोबरला उघडली होती. राज्य सरकारने कलाकारांना एकरकमी ५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते, आणि ते मिळवताना आपण कलाक्षेत्रात काम करतो याचा कागद कोठून आणायचा, ही पडद्यामागच्या अनेकांची अडचण मला मुलाखतींत ऐकायला मिळाली. महोत्सवाने दिलेले करारपत्र काहींनी यासाठी जपून ठेवले होते. आम्ही पहिल्या वर्षी ज्यांच्याशी बोललो, त्यांतील काही जण या व्यवसायातून बाहेर पडले होते. एक ध्वनिव्यवस्थापक घरपोच सामान पोहोचवत होता, आणि परत येण्याची त्याला घाई नव्हती, कारण तेथे पैसे दर आठवड्याला मिळत होते. लाइटवाले काका मात्र टिकून होते; दुसऱ्या बंदीत त्यांनी साहित्य गहाण टाकले नाही, घराचे दागिने ठेवले. महोत्सवामुळे ते टिकले, असे मी लिहिले नाही, कारण एका महोत्सवाने एवढे होत नाही. त्या आगाऊ रकमेमुळे पहिल्या वेळी साहित्य हाती आले आणि त्यावर त्यांनी मधली कामे घेतली, एवढाच दुवा दाखवता येत होता, आणि तेवढाच दाखवला.

शिफारशी दोन होत्या. पहिली, सही होताच निम्मे मानधन देण्याची आणि कार्यक्रम प्रेक्षकांविना झाला तरी उरलेली रक्कम न कापण्याची. कलावंतांइतकीच ती पडद्यामागच्या प्रत्येकाला लागू असावी. कंपनीने ती मदतीची अट म्हणून करारात घातली, आणि आयोजकांनी कुरकुर न करता मान्य केली. दुसरी, निदान काही कार्यक्रमांचे प्रक्षेपण कायम ठेवण्याची, म्हणजे ज्यांना नाट्यगृहाच्या पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी. सभागृह पूर्ण क्षमतेने भरू लागल्यावर कॅमेऱ्यांचा खर्च परवडत नाही, असे कारण देऊन ती फेटाळण्यात आली. फोनवर बोललेल्या त्या प्रेक्षकांपैकी काहींनी पुढच्या महोत्सवाच्या वेळी मलाच विचारले, की या वर्षी घरी बसून कोठे पाहता येईल. मी त्यांना आयोजकांचा क्रमांक दिला आणि मागणी थेट तेथे नोंदवायला सांगितले.